सपाट चप्पल, रुंद काठ

माझी उंची पाच फूट आठ इंच आहे, आणि ही गोष्ट मला कळायच्या आधी उमरेडमधल्या आमच्या गल्लीला कळली होती. दहावीनंतरच्या दोन वर्षांत मी अशी काही वाढले की बाबांच्या हातमागाच्या खोलीत जाताना मला दारात वाकावं लागायला लागलं. घरातली बाकीची माणसं त्याच दारातून सरळ आत-बाहेर करत. माझ्या डोक्याला मात्र दर दोन दिवसांनी चौकट लागायची आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "वाक जरा वं, कुंदा. दाराले डोळे नाहीत." हळूहळू मी दार नसलं तरी वाकायला लागले. नळावर, देवळात, कॉलेजच्या फोटोत. त्या फोटोत मी मागच्या रांगेत उभी आहे, आणि जमिनीवर काहीतरी पडलंय आणि मी ते शोधतेय, असं वाटतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढची खोली मागाची. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले की सकाळी सातपासून धोट्याची खटक-खट सुरू व्हायची, ती जेवायच्या वेळेला थांबायची आणि पुन्हा दिवस मावळेपर्यंत चालायची. तो आवाज चालू असला की कुणाचं त्याच्याकडे लक्ष नसायचं. थांबला की सगळे मान वर करून बघायचे. आई सुताच्या कांड्या भरायची, मी कॉलेजातून आले की तिच्या शेजारी बसायची. घरभर तांदळाच्या खळीचा आंबूस वास असायचा, आणि त्यात दुपारी लाखोळीच्या डाळीला दिलेल्या फोडणीचा वास मिसळायचा. आई फोडणीत भिवापुरी मिरची अशी टाकायची की बाबा खड्ड्यातून खोकत म्हणायचे, "आज कोणावर राग हाये?" आई आणखी एक मिरची टाकायची. दादा कोळशाच्या खाणीत लागला होता आणि तिकडेच राहायचा. त्यामुळे घरात आम्ही तिघंच, आणि तिघांतही बोलणारी एकटी आई.

शांतामावशी, आईची धाकटी बहीण, नागपुरात लकडगंजकडे राहायची. तिचे यजमान लाकडाच्या वखारीत होते आणि ती घरीच शिवण करायची. तिच्या हाताचा ब्लाउज आमच्या सगळ्या नात्यात प्रसिद्ध होता. ती बाईकडे एकदा बघायची आणि टेप न लावता मापं सांगायची. एक दिवस ती अचानक उमरेडला आली, माझ्याकडे असंच एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आईला म्हणाली, "येत्या रविवारी हिले घेऊन नागपूरले ये. दिवसभर फिरू. महाराजबाग पाहू, बर्डीवर जाऊ. पोट्टीनं काहीच पाहिलं नाही."

मला फार आनंद झाला. मग मावशीने पिशवीतून एक चप्पल काढली. एका अंगठ्याची, पापडासारखी पातळ, तळ म्हणावा तर तळही नाही. "चालाचं खूप हाये," ती म्हणाली. "हीच घालजो. टाचेचं काही नको. तुझी ती जाड रबराची पण नको."

"माझ्याकडे टाचेचं आहेच कुठं, मावशी?"

"नाही ना? चांगलं हाये मग. मागू पण नको."

मला काहीच समजेना. टाचेच्या सँडलचा विचार तोवर माझ्या डोक्यात आला नव्हता. उमरेडच्या दुकानात त्या काचेमागे दिसायच्या, पण त्या माझ्यासाठी असू शकतात असं मला कधी वाटलं नव्हतं. मावशीने नको म्हटलं आणि त्या रात्रीपासून मला टाच म्हणजे काय, तिच्यावर उभं राहिल्यावर कसं वाटत असेल, हेच डोक्यात घोळायला लागलं.

रविवारच्या कपड्यांचीही अशीच गंमत झाली. माझ्याकडे एक फिकट निळी, अंगभर एकाच रंगाची साडी होती, तिच्यावर त्याच निळ्याचा ब्लाउज. ती मला आवडायची. मावशीने ती बाजूला सारली. बाबांनी विणलेली एक सुती साडी आईच्या पेटीत होती. अंग मोतिया, काठ चार बोटं रुंद आणि गडद तपकिरी. मावशीने ती काढली आणि खळ उतरावी म्हणून आईला दोनदा धुवायला सांगितली. ब्लाउज तिने स्वतः शिवून पाठवला, गडद तपकिरी, कोपरापर्यंत बाहीचा. पदराला पिन लावायची नाही, मोकळा सोडायचा. साडी जमिनीला टेकवायची नाही, दोन बोटं वर, चप्पल दिसली पाहिजे. वेणी एकच, सैल, मानेखालून. "एवढं काहून, आई?" मी विचारलं. आई कांडी भरत होती. ती म्हणाली, "शहरात जाऊन राहिलो आपण." तेवढंच.

आज मला हे सगळं पाठ आहे. हुडकेश्वरला माझा शिवणाचा क्लास आहे. तिथे येणाऱ्या मुली मोबाइलवर फोटो दाखवतात आणि विचारतात की मॅडम, सपाट चपलेवर काय छान दिसेल, दिवसभर फिरायचं आहे, टाचा झेपत नाहीत. मी त्यांना सांगते की वरपासून खालपर्यंत एकच रंग ठेवा, उभ्या रेघा घ्या, कुर्ता फार लांब नको, सलवारची मोहरी अरुंद ठेवा, म्हणजे टाच नसली तरी माणूस उंच दिसतं. आणि उलटं हवं असेल तर रुंद काठ, वेगळ्या रंगाचा ब्लाउज, मोकळा पदर, पाऊल दिसेल अशी साडी. बाई दोन-तीन ठिकाणी कापली जाते आणि नजर वरपर्यंत जातच नाही. मावशीला हे कुणी शिकवलं नव्हतं. मला हे कळायला शिवणाची चार-पाच वर्षं जावी लागली. त्या रविवारी मात्र मी एवढंच समजत होते की मावशीला माझ्या पायांची फार काळजी आहे.

सकाळच्या बसने आम्ही निघालो. बाबांना आईने सांगितलं होतं, शांताकडे जाऊन येतो. त्यांनी धोटा न थांबवता मान हलवली. आईने डब्यात पोळ्या आणि सुकी बटाट्याची भाजी घेतली होती, तो डबा बसमध्ये कुणी उघडला नाही, कारण आई खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या तोंडावर परीक्षेला बसल्यासारखा भाव होता. उमरेड रोडने बस नागपुरात शिरते तिथे तेव्हा शेतं होती. आज मी राहते तो भाग बहुतेक त्याच शेतांचा.

मावशीच्या घरी तर्री-पोहे खाल्ले. मग तिने माझी साडी सोडून पुन्हा नेसवली. निऱ्या मोजून घातल्या, पदर खांद्यावर पसरवला, दोन पावलं मागे सरून डोळे बारीक केले आणि म्हणाली, "खांदे सैल सोड. असे. आता चाल." मी चालले. खरं सांगते, इतक्या सुखाने मी कधी चालले नव्हते. दोनदा धुतलेलं सूत पायांभोवती हलकं फिरत होतं, निऱ्या कुठे अडकत नव्हत्या, पायात काही घातलंय असंच वाटत नव्हतं. पुढे मला त्या दिवसाचा राग आला, आणि अजूनही येतो, तेव्हा त्या चालण्याचं काय करायचं हे मला समजत नाही. ते खोटं नव्हतं.

महाराजबागेत गेल्यावर मावशीने मला लगेच बाकावर बसवलं. मला प्राणी बघायचे होते. "बस, बस. पाय दुखतीन," ती म्हणाली. पाय दुखू नयेत म्हणून तर ही चप्पल होती, असं मी म्हणणार, तेवढ्यात समोरून एक बाई आणि तिच्यासोबत पंचविशीचा एक माणूस आला. मावशी म्हणाली, "अगं बाई, सुमनताई, तुम्ही इथं कशा?" सुमनताई म्हणाल्या, "सहज." दोघींनी हे इतक्या ठरल्यासारखं म्हटलं की मला वाटलं, नागपूरची माणसं अशीच बोलत असतील. त्या माणसाचं नाव प्रभाकर. पाटबंधारे खात्यात होता. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि पायात काळे, जाड तळाचे बूट. एवढ्या उन्हात असे बूट कोण घालतं, असं माझ्या मनात आलं.

सुमनताईंनी मला कॉलेज, विषय, स्वयंपाक असं सगळं विचारलं. मी बसूनच उत्तरं दिली. मग सगळे पिंजऱ्यांकडे निघाले तेव्हा मावशी माझ्या आणि प्रभाकरच्या मधे चालायला लागली, आणि मी जरा सरळ झाले की माझ्या पाठीवर हात ठेवायची. आई मागे राहिली होती. एका माकडाने प्रभाकरच्या हातातला शेंगदाण्याचा पुडा ओढला आणि तो हसला, मीही हसले, आणि सुमनताईंनी मावशीकडे पाहून मान डोलावली. माकडाने पुडा ओढला यात मान डोलावण्यासारखं काय आहे, तेही मला कळलं नाही. दिवसभर असंच होत होतं. माझ्या आजूबाजूला काहीतरी चाललं होतं आणि त्यातला एकही शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

मग माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पापडासारखी चप्पल, ती किती टिकणार? मी ती हातात घेतली आणि अनवाणी चालायला तयार झाले, पण सुमनताई म्हणाल्या, "असं कसं? बर्डी इथंच हाये. नवीन घेऊ." मावशी नको नको म्हणत राहिली. रिक्षाने आम्ही बर्डीच्या बाजारात गेलो.

दुकान अरुंद होतं. भिंतभर चपला लटकलेल्या. मला स्टुलावर बसवलं. दुकानदार वयस्कर, तोंडात तंबाखूचा खर्रा, त्यामुळे कमी बोलणारा. त्याने माझ्या पावलाकडे पाहिलं आणि चार-पाच डबे उघडून ठेवले. त्यातल्या एका डब्यात मरून रंगाच्या टाचेच्या सँडल होत्या, घोट्याला बारीक पट्टा असलेल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. दुकानदाराने काही न बोलता त्या माझ्या पायात सरकवल्या आणि पट्टा लावला.

"तिले टाचेची सवय नाही हो," मावशी घाईने म्हणाली. "सपाट दाखवा."

"पायात बसली हाये," दुकानदार म्हणाला. "बाई, उभं राहून पाहा. बसून चप्पल समजत नाही."

मोठ्या माणसाने उभं राहायला सांगितलं, मी उभी राहिले. पहिल्यांदा तोल गेला. तोल सावरायला मला खांदे मागे घ्यावे लागले, पाठ ताठ करावी लागली, आणि मान आपोआप वर गेली. समोरच्या लांब आरशात मी होते. आरशात माझ्या खांद्याशेजारी प्रभाकरचं डोकं होतं. खांद्याच्या जरासंच वर.

मावशी खाली बघत होती. सुमनताई मावशीकडे बघत होत्या. आईने पदर तोंडावर धरला होता. मी विचारलं, "काय झालं?"

"बस खाली, कुंदा," मावशी म्हणाली.

"पण झालं काय?"

प्रभाकर माझ्याकडे बघत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाले सांगितलं नाही का?"

"काय?"

"आज तुम्हाले पाहाचा कार्यक्रम होता."

मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या क्षणी मला राग आला असं मी नंतर मैत्रिणींना सांगितलं, पण खरं तर राग यायला वेळ लागला. आधी मी सकाळपासूनची एकेक गोष्ट आठवत होते, चप्पल, काठ, बाक, पाठीवरचा हात, आणि प्रत्येकीचा अर्थ बदलत होता. ते करण्यात मी इतकी गुंतले की प्रभाकर खाली बसून काय करतोय, हे मला उशिरा दिसलं. तो बुटांच्या नाड्या सोडत होता.

"प्रभाकर, बूट घाल," सुमनताई म्हणाल्या.

"राहू दे, आई." त्याने दोन्ही बूट काढले, मोजेही काढले, आणि दुकानाच्या फरशीवर अनवाणी उभा राहिला. तो आणखी दोन बोटं खाली गेला. बुटाच्या आत आणखी एक जाड पट्टी होती, ती त्याने काढून स्टुलावर ठेवली. मग माझ्याकडे मान वर करून म्हणाला, "मी एवढा हाये. तुम्ही तेवढ्या. आता सांगा, तुमचं काय म्हणणं हाये?"

माझं म्हणणं काय आहे, हे तोवर मला कुणी विचारलं नव्हतं. कॉलेजात कोणता विषय घ्यायचा हेसुद्धा दादाने ठरवलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, दुकानदारसुद्धा. मी म्हणाले, "मले सपाट चप्पल दाखवा."

मी हे का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. चप्पल घ्यायला आलो होतो, चप्पल हवी होती, एवढंच डोक्यात उरलं होतं. दुकानदाराने मुकाट्याने दुसरा डबा उघडला. प्रभाकर थोडं हसला आणि बूट घालायला लागला.

परतीच्या बसमध्ये दिघोरी मागे पडेपर्यंत आई डबा मांडीवर धरून बसली होती. मग मीच विचारलं, "काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू ताठ उभी राहिली असती."

"मग?"

"मग काय? तीन ठिकाणाहून नाही आलं होतं. तुले माहीत नाही. तिघंही म्हणाले, पोट्टी चांगली हाये, पण लांब हाये." ती डबा उघडून पोळी हातात धरून बसली, खाल्ली नाही. "तुले कोणी लांब म्हटलं का माह्या जिवाले लागते. मी दहावीपासून तुले वाक वाक म्हणत राहिली. मले वाटलं, कमी होईल."

मी खिडकीबाहेर बघितलं. मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि तिच्या हातातली पोळी घेऊन खायचीही होती. मी पोळी खाल्ली.

आठ-दहा दिवसांनी मावशीचा निरोप आला की मुलाकडून होकार आहे. सुमनताईंना पसंत नाही, पण मुलगा अडून बसला आहे. आई देवापुढे साखर ठेवून आली. गल्लीतल्या दोघी-तिघी येऊन गेल्या. सरकारी नोकरी, एकुलता एक, नागपुरात घर, आणि उंचीचं काही म्हणत नाही. आणखी काय पाहिजे, असं सगळ्या म्हणत होत्या. प्रभाकर वाईट नव्हता. तो अनवाणी उभा राहिला होता, ते मला आठवायचं आणि बरं वाटायचं. मग लगेच आरसा आठवायचा, आणि मावशीची खाली गेलेली नजर, आणि बरं वाटणं कुठल्याकुठे जायचं. होकारामुळे सुखी व्हायचं की दुकानातल्या दिवसामुळे दुःखी, हे मला ठरवता येईना. त्याने वर्षभरात दुसरीकडे लग्न केलं, असं पुढे ऐकलं. मी मात्र पुढच्या उन्हाळ्यात त्याच शांतामावशीकडे शिवण शिकायला गेले. पहिले दोन महिने आम्ही कपड्याशिवाय कशावरही बोललो नाही. माझ्या लग्नाला आणखी सहा वर्षं होती, आणि ते माझं मी ठरवलं. पण हे सगळं नंतरचं.

बाबांना त्या रविवारचं काही माहीत नव्हतं. देवापुढच्या साखरेवरून त्यांना कळलं. त्यांनी आईकडून सगळं ऐकून घेतलं, दुकानापर्यंतचं, मग धोटा बाजूला ठेवला. माग थांबला तशी मी स्वयंपाकघरातून मान वर केली.

"कुंदा, इकडे ये."

मी वाकून आत गेले. बाबा खड्ड्यातच बसून होते, त्यामुळे त्यांना माझ्याकडे खूप वर बघावं लागत होतं. मी खाली बसले.

"तुले पोरगा पसंत हाये का?"

"माहीत नाही, बाबा."

"वाईट वाटला का?"

"नाही."

"मग जायचं हाये तुले?"

"माहीत नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मोठ्या मुलीला एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, याची मला लाज वाटली.

आई दारात उभी होती. "तिले काय माहीत राहणार हाये? पोट्टी हाये ते. तुम्ही होकार कळवा."

मागावर तुटलेला एक धागा बाबांनी बोटांनी चाचपून जोडला. "तिले माहीत नाही म्हणते," ते म्हणाले. "माहीत नसलं तर होकार देता येत नाही. तो देऊन झाल्यावर परत घेता येत नाही, बाप्पा. पोट्टे, पोस्टकार्ड आण. तुझं अक्षर चांगलं हाये, तू लिही."

आई आत निघून गेली. त्या दुपारी फोडणीत किती मिरच्या पडल्या ते मी सांगत नाही. मी पोस्टकार्ड आणलं आणि मागाच्या काठावर ठेवून लिहायला बसले. बाबा सावकाश सांगत होते. श्रीयुत अमुक यांस नमस्कार. आपला निरोप मिळाला. आपण मोठेपणा दाखवला. मग ते थांबले, ओठ हलवून शब्द जुळवले आणि म्हणाले, "लिही. मुलीचा विचार अजून ठरलेला नाही, तरी आपण थांबू नये."

मी लिहिलं. खाली बाबांचं नाव घातलं आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. बाबा जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. ते अक्षराखाली बोट ठेवून वाचायचे. बोट हळूहळू सरकत नमस्कारावरून पुढे गेलं, मोठेपणावरून पुढे गेलं, आणि एका शब्दापाशी थांबलं. त्यांनी 'मुलीचा विचार' सांगितलं होतं. मी 'माझा विचार' लिहिलं होतं.

मी खोडायला पेन पुढे केलं. बाबांनी बोट तिथेच ठेवलं, जरा वेळ, मग पुढच्या शब्दावर नेलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "पत्ता लिही."